खाडी बंद

गेले तीन दिवस माझा मुलगा माझ्याशी गोड बोलतोय, आणि ते ऐकून माझ्या अंगावर काटा येतोय.

मितेश काही कुक्कुलं बाळ नाही. छत्तीस वर्षांचा घोडा आहे, मुंबईला सरकारी यंत्रांच्या खात्यात मोठ्या खुर्चीवर बसतो. एरवी घरी आला की पहिल्या घोटाला विचारणार, आये, चहात साखर टाकलीस की साखरेत चहा. मी म्हणणार, मग बायकोच्या हातचा पी, इथं कशाला तडफडलास. आमच्या घरची रीतच अशी. ह्या खेपेला मात्र तो न सांगता आला आणि पायरीवर बसला. पाण्याची कळशी स्वतः भरून आणतो. मी भांडी घासायला बसले की हातातून ओढून घेतो. म्हणतो, आये, तू दमली असशील, बस जरा. जेवताना मीठ कमी पडलं तर मुकाट खातो.

त्याला काहीतरी मागायचं होतं. पोटात काय आहे ते मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. मी विचारलं नाही. ज्याला मागायचंय त्यानं तोंड उघडावं.

मी शेवंती. दुसरी पास आहे. तिसरीत मास्तरांना उलट बोलले म्हणून आयशीनं शाळेतून काढली आणि डोक्यावर तिसऱ्यांची, म्हणजे शिंपल्यांची पाटी दिली. तेव्हापासून ह्या खाडीच्या चिखलात आहे. आता सत्तरी आली. आमच्या खाडीवर आठ गावं. सुकती लागली, पाणी उतरलं की आठही गावच्या बाया खाजणाच्या चिखलात उतरतात, कोपरापर्यंत हात घालून तिसऱ्या काढतात. कुठली मळी, म्हणजे चिखलाचा कुठला पट्टा, कधी खुली, कधी बंद, हे ठरवायचा मान जुवाठणच्या आमच्या घराकडे. सासूकडून सुनेकडे येतो. तिसऱ्यांची पिलं बारीक असताना खाडी बंद ठेवावी लागते, नाहीतर पुढल्या वर्षी चिखलात हात घालून चिखलच वर येईल.

बंदीचा निरोप द्यायचा त्याला आम्ही हाळी म्हणतो. माझी सासू टोकाच्या खडकावर उभी राहून आरोळी द्यायची. पलीकडच्या गावची बाई ती ऐकून जबाब द्यायची, मग पुढच्या गावाला हाळी द्यायची. जबाब आल्याशिवाय हाळी पुरी होत नाही. आणि जबाब कधी सरळ येत नाही. कुणी म्हणणार, कालच तर उघडलीस, आज बंद करतेस, डोकं फिरलं काय. कुणी म्हणणार, आमच्या मळीत पिलं नाहीत, येऊन बघ. पालवठारला माझी धाकटी बहीण मंजुळा दिलेली. तिचा जबाब पन्नास वर्षं ठरलेला. "तुझ्या बापाची खाडी काय गो?" मी म्हणायची, तुझाही तोच बाप, जाऊन विचार त्याला. मग ती हसायची आणि ऐकायची.

बंदी मोडली तर दंड नाही, मारहाण नाही. हाळी देणारी बाई सगळ्यांसमोर त्याचं नाव घेऊन सांगते, तुला खाडी बंद. मग त्यानं आठही गावांच्या दारात जायचं आणि काय केलं ते स्वतःच्या तोंडानं सांगायचं. आठ दारं झाली की खाडी उघडते. ऐकायला सोपं वाटतं. माझ्या मैत्रिणीचा, हमीदाबीचा दीर, आमच्या शेजारच्या दालद्यांच्या, मुसलमान मच्छीमारांच्या वाडीतला, चांगला सहा फुटी गडी, पाचव्या दाराशी रडायला लागला होता.

पुढं फोन आले तशी मी खडकावर जायची सोडली. घरात बसून फोनमध्ये बोलायचं, सगळ्या गावांत ऐकू जायचं. वाचता येणाऱ्या बाया थोड्या. पण माझा आवाज सगळ्यांच्या ओळखीचा. हाळी माझ्या आवाजात आली की ती खरी, त्यावर सही-शिक्का लागत नाही.

दोन वर्षांपूर्वी शिमग्याला मितेश आला तो एक डबी घेऊन. म्हणाला, आये, यंत्राला शहरातली मराठी समजते, आपल्या खाडीची समजत नाही. तू बोल, मी भरून घेतो, म्हणजे आपली बोली जगेल. मला काय, शिमग्यात शिव्या द्यायला मोकळीकच असते. आठ दिवस बोलले. हाळी कशी देतात, भांडण कसं लावतात, मेलेल्या माणसाला कसं आठवतात, सगळं. शिव्या त्यानं मोजल्या, दोनशे बारा भरल्या. म्हणाला, आये, विद्यापीठातही एवढ्या नाहीत. मी गावभर सांगत फिरले की सरकार माझी बोली लिहून घेतंय. मंजुळा म्हणाली, सरकारला शिव्या घरपोच हव्यात होय. मी म्हटलं, तुझा जीव जळतो.

त्यानंतर टीव्हीवर जाहिरात यायला लागली. सौजन्य नावाची योजना. फोनवरून जाणाऱ्या शिव्या आणि घाण बोलणं यंत्र गाळून टाकणार. जाहिरातीत एक म्हातारी तिळगूळ वाटायची. आम्ही बाया हसलो. बारा महिने संक्रांत करताहेत म्हटलं, करू देत. आमच्याकडे अजून आली नाही असं ऐकलं होतं, कारण यंत्राला आमचं बोलणं उमगत नव्हतं.

ते त्याला कुणाच्या तोंडून उमगलं, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

मार्गशीर्षातली अष्टमी होती. भांगाची, कमी जोराची सुकती, पाणी आळसात उतरत होतं. दुपारी मी बांधावर गेले तर निवटे मासे चिखल सोडून बांधावर चढले होते, आडवे पडून तोंड उघडत होते. खेकडे उताणे. वाऱ्याला लसणीसारखा वास. खाजणात लसूण कोण सोलतंय. बोट पाण्यात बुडवून जिभेला लावलं आणि थुंकले. जीभ बधिर झाली. मला तो वास माहीत होता. पूर्वी एकदा पिकांवर मारायच्या औषधाचा डबा होडीतून पाण्यात पडला होता, तेव्हा असाच वास आला होता. आणि खाडीच्या वरच्या अंगाला त्याच औषधाचा कारखाना.

मासा विषानं मरतो, पोट वर करून तरंगतो, माणूस शहाणा होतो. तिसरी मरत नाही. ती शिंपली उघडून पाणी आत घेते, गाळते, बाहेर सोडते. दिवसाला घागर घागर पाणी तिच्यातून जातं. पाण्यातली घाण तिच्या पोटात राहते आणि वरून ती ताजी टवटवीत दिसते. म्हणून तिसऱ्यांची भीती सगळ्यात मोठी.

मी तिथंच बांधावर उभी राहून हाळी दिली. जुवाठणला मी समोरच होते, माझ्या गावच्या बायांना हातानं मागं ढकललं. बाकी सात गावांसाठी फोनमध्ये बोलले. काय बोलले ते मला शब्दाला शब्द आठवतं. "खाडी बंद. वरच्या कारखान्यानं विष सोडलंय. आजच्या काढलेल्या तिसऱ्या पुरून टाका, मांजरालाही घालू नका. जी उतरेल तिच्या तंगड्या मोडीन."

घटकाभरात सात गावांचे सात जबाब आले.

सातही हो म्हणाले. हो बाय, बरं झालं सांगितलंस. हो बाय, काळजी घेतो. मंजुळाचा जबाब शेवटी आला. "हो शेवंते, तू म्हणशील तसं."

आता इथं मी खोटं लिहिणार नाही. मला बरं वाटलं. पन्नास वर्षांत पहिल्यांदा माझी हाळी कुणी हुज्जत न घालता ऐकली होती. मंजुळा वठणीवर आली असं वाटलं. वय झालं, मान मिळायला लागला, असं मनात म्हणत मी घरी गेले, पाय धुतले आणि भात टाकला. ज्या बहिणीनं जन्मात मला सरळ जबाब दिला नाही, ती तू म्हणशील तसं म्हणते, आणि माझ्या मनात शंका येत नाही. दुसरी कुणी असती तर तिला मी मूर्ख म्हटलं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी हमीदाबी होडी घेऊन धक्क्याला लागली. फोन केला नव्हता, स्वतः आली होती. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि एवढंच म्हणाली की शेवंते, चल.

वाटेत मला दोन गावचे धक्के लागले. दोन्हीकडे बाया खाजणात उतरलेल्या, पाट्या भरलेल्या. मी होडीतून ओरडले. त्या माझ्याकडे वेड्यागत बघत राहिल्या. एक म्हणाली, कालच तर तू उतरा म्हणालीस.

पालवठारला मंजुळा ओटीवर चटईवर होती. तोंडाला फेस येऊन वाळलेला. डॉक्टरनं बघून सांगितलं होतं की डोळ्यांच्या बाहुल्या मोहरीएवढ्या झाल्या होत्या, म्हणजे औषधाचंच विष. तिची नात ईश्वरी, सहा वर्षांची, तालुक्याच्या दवाखान्यात नळ्यांत होती. ती वाचली. हात अजून थरथरतात, पेला धरवत नाही. त्या दोन दिवसांत मंजुळा धरून खाडीवरची पाच माणसं गेली.

मंजुळाची सून दर्शना कोपऱ्यात बसली होती. रडत नव्हती. मला बघून उठली, फोन काढला, आणि माझ्या कानाशी धरला.

माझा आवाज होता. माझाच. मी वाक्य तोडताना श्वास घेते तसा श्वास होता, बा म्हणताना माझा गळा जरा घोगरा होतो तसा घोगरा. तो आवाज म्हणत होता, बायांनो, पाणी जरा गढूळ आहे, काळजीचं कारण नाही. तिसऱ्या दोनदा धुऊन घ्या. जपून उतरा. सुखी राहा.

सुखी राहा. हा शब्द मी माझ्या लग्नातसुद्धा कुणाला म्हटला नाही.

मी दर्शनाला सांगितलं की हे मी बोलले नाही. तिनं फोनकडे बघितलं, मग माझ्याकडे. ओटीवरच्या बाया उठून एकेक करून मागं सरकल्या. मला प्यायला पाणीसुद्धा कुणी दिलं नाही, आणि सुतकाच्या घरी दारात आलेल्याला पाणी न देणं आमच्याकडे होत नाही. दर्शना मग एकच बोलली. मावशी, तुमचा निरोप आला तेव्हा सासूबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, सुखी राहा काय म्हणते ही, ताप चढलाय की काय शेवंतीला. फोनमध्येही तेच बोलल्या. "बरी आहेस ना गो? उद्या येते बघायला. तुझ्यासाठी तिसऱ्या आणते." आणि त्या रात्री त्यांनी त्याच तिसऱ्यांतल्या थोड्या शिजवल्या, बाकीच्या तुमच्यासाठी मडक्यात झाकून ठेवल्या.

मडकं तिथंच चुलीशेजारी होतं. वर करवंटी पालथी घातलेली.

सगळ्या जगात एकट्या मंजुळाला कळलं होतं की ते बोलणं माझं नाही. आणि ते कळल्यावरही तिच्या मनात शंका कुणाची आली नाही, माझ्या तब्येतीची काळजी आली.

दहा दिवसांनी मितेश आला आणि पायरीवर बसला. चौकशी लागली होती. मुंबईतले तीन साहेब शाळेच्या खोलीतल्या पडद्यावर दिसणार, मी कॅमेऱ्यापुढं बसून सांगायचं की त्या दिवशी काय झालं.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्याला धीर आला. मी सुकट निवडत होते. तो खाली बसला, आणि लहानपणी पाढे म्हणायचा तसा सांगायला लागला.

म्हणाला, आवाज म्हणजे हवेला बसलेले धक्के. फोन ते धक्के सेकंदाला हजारो वेळा मोजतो आणि आकडे करून पाठवतो. पलीकडचा फोन त्या आकड्यांचे पुन्हा धक्के करतो, तो आपल्याला आवाज वाटतो. आकडे दुसरे दिले तर आवाज दुसरं बोलतो. माणसाचा गळा शिकायला यंत्राला दहा मिनिटं पुरतात. बोलायची तऱ्हा शिकायला वेळ लागतो, त्यासाठी ते आठ दिवस. मग फोनमध्येच बसलेलं यंत्र प्रत्येक वाक्याला धास्तीचा अंक देतं, शून्यापासून शंभरापर्यंत. साठाच्या वर गेलं की तेच वाक्य त्याच माणसाच्या आवाजात सौम्य करून म्हणतं. डोळ्याचं पातं लवायच्या आत. निरोपाला कुलूप लागायच्या आधीच हे उरकतं, म्हणून बाहेरच्या कुणाला पत्ता लागत नाही. पाकीट कुणी फोडत नाही, आये. चिठ्ठी आत घालायच्या आधी बदलते.

मी विचारलं, हे शिव्यांसाठी होतं ना.

तो म्हणाला, शिव्यांसाठीही. कायद्यात अफवा आणि लोकांत घबराट असंही एक कलम आहे. आणि उद्योगांविषयीची घबराट त्यात वरच्या अंकाची आहे.

मग मी मंजुळाच्या जबाबाचं विचारलं. ती तर साधं बरी आहेस ना म्हणाली होती, त्यात कसली आली धास्ती.

त्यानं सुकटीतला एक कचरा उचलून बाजूला ठेवला. मग म्हणाला, बदललेल्या निरोपावर कुणी शंका घेतली तर तो जबाबही बदलतात. शिवण दिसू नये म्हणून.

हे बोलताना तो खाली बघत होता. मला आठवलं, शाळेत असताना चड्डीची उसवलेली शिवण तो हातानं झाकून चालायचा.

त्याची बाजूही त्यानं मांडली, ती मी लपवत नाही. चार वर्षांपूर्वी एका खोट्या निरोपानं दोन फिरस्त्यांना लोकांनी ठेचून मारलं. पोरं पळवणारे म्हणून कुणीतरी फोनवर पसरवलं होतं. ते चित्र बघून मितेश ह्या कामात पडला. पूर्वी सरकार गडबड झाली की इंटरनेट बंद करायचं. बंद केलं की लोकांना कळायचं काहीतरी लपवताहेत, लोक कोर्टात जायचे, जिंकायचे. आता काही बंद होत नाही. कुणाचं तोंड दाबलं जात नाही. सगळ्यांचे निरोप पोचतात. "भांडणं कमी झालीत, आये. आकडे आहेत माझ्याकडे. मी माणसं वाचवायला हे केलं."

मी म्हटलं, त्या खोट्या निरोपाला कुणी खोटं म्हणायला हवं होतं. ज्याला दिसतंय त्यानं मोठ्यानं म्हणायचं, तेवढं तरी माणसाच्या हातात असतं. माझ्या तोंडून तूच बोललास तर मी कुणाला खोटं म्हणू. मंजुळानं कुणाला खोटं म्हणायचं होतं. मला?

त्याचं मागणं मग बाहेर आलं. आमच्या बोलीचं यंत्र नीट तपासलंय, अशी सही त्याची होती. त्या अष्टमीला ते आमच्या खाडीवर सुरू होऊन नऊच दिवस झाले होते. मी चौकशीत म्हणावं की त्या दिवशी मला बरं नव्हतं, काय बोलले ते नीट आठवत नाही. वय झालंय, कुणी दोष देणार नाही. मग त्याची सही वाचेल, नोकरी वाचेल, तुरुंग टळेल. उन्हाळ्यात योजना राज्यभर लागू होणार होती, ती होईल.

आणि मी खरं सांगितलं तर, मी विचारलं.

तेव्हा पहिल्यांदा त्यानं माझ्याकडे बघितलं. म्हणाला, शाळेतला तो पडदा पण त्याच यंत्रातून जातो, आये. तू काहीही बोललीस तरी साहेबांना सौम्यच ऐकू येईल. म्हणून म्हणतो, तुला खोटंही बोलायला नको. नुसतं बोल.

माझ्या हातातलं सूप खाली पडलं. सुकट ओटीभर झाली. कितीतरी वेळ मी ती वेचत बसले, कारण दुसरं काय करावं ते सुचत नव्हतं. तो मदतीला वाकला तेव्हा मी विचारलं की माझी खरी हाळी कुठं आहे. आठ दिवस बोलून घेतलंस, एक हाळी ठेवली असशील.

होती, म्हणाला. तपासणीसाठी पंधरा दिवस मूळ बोलणं ठेवायचा नियम होता. मंजुळामावशी गेल्याचं कळलं तेव्हा मी ऑफिसातच होतो. काढून ऐकली. तीनदा ऐकली. मग वरून हुकूम आला की पुसून टाक.

पुसलीस?

"पुसली, आये."

संध्याकाळी मी त्याला भात वाढला. मीठ घालायला विसरले होते. त्यानं मुकाट खाल्ला.

मी हमीदाबीला बोलावलं आणि तिला तोंडी निरोप दिला, चौकशीच्या सकाळी भरतीला सगळ्यांनी आमच्या धक्क्यावर यावं. फोन घरीच ठेव म्हटलं. ती सातही गावांना होडीनं गेली. काही दारं तिच्या तोंडावर बंद झाली असतील, तिनं ते मला सांगितलं नाही.

चौकशीच्या सकाळी मी शाळेत गेले नाही. मास्तर दोनदा बोलवायला आला. पडद्यावर साहेब वाट बघताहेत म्हणाला. मी म्हटलं, त्यांना सांग, शेवंतीला बोलायचंय, ज्याला ऐकायचंय त्यानं स्वतःचे कान घेऊन ह्या धक्क्यावर यावं. पडद्यापुढं मी तोंडच उघडणार नाही. मी बोललेच नाही तर गोड कशाचं करतील. मास्तर म्हणाला, असं लिहून देता का. म्हटलं, देते. दुसरी पास आहे मी.

भरती लागली तशा होड्या यायला लागल्या. पाच गावच्या आल्या, दोन गावच्या आल्या नाहीत. पालवठारची आली. दर्शना ईश्वरीला घेऊन पुढं बसली होती, पोरीचे दोन्ही हात स्वतःच्या मुठीत धरून. धक्क्यावर कुणी मला नाव घेऊन हाक मारली नाही. मी सासूच्या खडकावर चढले. वीस वर्षांनी चढत होते, गुडघे बोलत होते. मितेश माझ्या मागून आला, पडशील म्हणून हात पुढं केला. मी तो धरला, वर चढले, आणि सोडला.

आधी मी माझं सांगितलं. म्हटलं, बायांनो, माझ्या आवाजानं पाच माणसं गेली. मी काय बोलले होते ते तुम्हाला दाखवायला माझ्याकडे काही नाही. पण मला सात गोड जबाब आले आणि मी ते मान समजून घेतले. मंजुळा मला सरळ हो म्हणाली आणि मी भात टाकायला गेले. एवढा दोष माझा. म्हणून आजपासून मला खाडी बंद. आठ दारं फिरेन तेव्हा उतरेन. नाही उतरले तर नाही.

खाली एक बाई म्हणाली, गुडघे बघ आपले, आठ दारं फिरतेय. कुणी हसलं नाही, पण ती बोलली. पंधरा दिवसांनी माझ्याशी कुणी उलट बोललं. माझे डोळे भरून आले ते तिथंच.

मग मी मितेशकडे वळले. तो खडकाच्या कडेला उभा होता. हातातला फोन सारखा उजळत होता, शाळेतून बोलावणं येत असावं. मी त्याचं तोंड बघितलं. बाळंतपणात दाईनं पहिल्यांदा हातात दिला तेव्हा रडत नव्हता, दाईनं पाठीत धपाटा घातला तेव्हा आवाज फुटला होता.

मी मोठ्यानं बोलले. पाण्यावरून पलीकडच्या काठाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

"मितेश, मी तुला माझं बोलणं दिलं, आठ दिवस बसून दिलं. तू माझ्या तोंडून माझ्या बहिणीला मारलंस, आणि तिचं शेवटचं बोलणं माझ्यापर्यंत पोचू दिलं नाहीस. तुला तुरुंग होईल की बढती मिळेल, ते तुझं सरकार बघेल, मला त्यातलं कळत नाही. मला खाडीचं कळतं. त्या दिवशीची माझी खरी हाळी तू पुसलीस. आता ती ह्या जगात एकाच ठिकाणी आहे, तुझ्या कानात. तीनदा ऐकलीस ना? मग आठ दारी जा आणि तुझ्या तोंडानं दे, शब्दाला शब्द, तंगड्या मोडीन म्हटलं त्यासकट. पहिलं दार मंजुळाचं. तिच्या नातीच्या डोळ्यांत बघून दे. तोवर ह्या पाण्यात पाय घालायचा नाही, माझ्या चुलीचं खायचं नाही, आणि मला आये म्हणायचं नाही. तुला खाडी बंद."